हौदा आपणच उकरावा

तालमीत नव्या पोराला पहिल्याच दिवशी डाव शिकवीत नाहीत, हे खासबाग मैदानाच्या सावलीत वाढलेल्या मंगळवार पेठेला सांगायला नको. आधी हातात खोरे येते आणि हौदा उकरावा लागतो. ताक, तेल, हळद घालून लाल माती मऊ झाली, की मग कुस्ती.

संगणकाचेही तसेच आहे. शेजारचा बारावी झालेला मुलगा सुटीत लिनक्सवर ‘एडा’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला बसला. आजी म्हणाली, ‘‘येडा नावाची बी भाषा असती व्हय रं?’’ वडिलांचा प्रश्न जास्त टोकदार होता. नोकरीच्या जाहिरातीत जिचे नाव दिसत नाही, तिच्यापायी चार दिवस का घालवायचे?

प्रश्न रास्त आहे. पण उत्तरही आहे. एडा लव्हलेस या गणिती स्त्रीचे नाव असलेली ही भाषा अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी घडली आणि 1983 मध्ये तिचे प्रमाणरूप ठरले. जिथे चूक जिवावर बेतते, तिथे ती वापरतात. बोइंग 777 विमान हे त्याचे उदाहरण. तिचा ‘ग्नॅट’ हा कंपायलर, म्हणजे आपले लिखाण यंत्राच्या बोलीत उतरवणारा दुभाषा, लिनक्सवर फुकट मिळतो. उबंटूत तो एका आज्ञेने बसतो.

खरी तालीम त्यानंतर सुरू होते. पोराने प्रोग्रॅमला एक नाव दिले आणि फाइलला दुसरेच; कंपायलरने लगेच टोकले. पूर्णांकात दशांश मिसळला, तर साफ नकार. आधी रूपांतर लिही, मग बेरीज! वस्तादही असाच असतो. पाय चुकला की तिथेच थांबवतो.

या चार दिवसांत पोराला कळले, की संगणकात कोणती वस्तू कुठे असते आणि इंग्रजीतला इशारा घाबरून न मिटवता वाचायचा असतो. इंग्रजीची भीती असणाऱ्यांसाठी मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीतूनही दिले आहेत.

एडामुळे उद्याच नोकरी लागेल, असे नाही. पण तयार मांडलेल्या संगणकावर फक्त बटणे दाबणारा मुलगा हत्यार बदलले की अडतो. स्वतः मांडामांड केलेला अडत नाही. तेव्हा पालकांनो, पोरगा चार दिवस माती उकरताना दिसला, तर रागावू नका. महाविद्यालयांनीही एखादा जुना संगणक मुलांच्या हवाली करावा. बिघडला तर बिघडला. दुरुस्त करता करताच पोरे तयार होतील.