एका वेळी एक बांधी

वार्षिक परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. मुलगा चार-चार तास पुस्तक पुढे घेऊन बसतो, परंतु उठतो तेव्हा एकही प्रकरण पुरे झालेले नसते. मुलगी पहाटे उठते, दिवा लावते, आणि मग नुसती भिंतीकडे पाहत राहते. पालक शाळेत येऊन म्हणतात, "गुरुजी, ह्याचे लक्षच लागत नाही. फार आळशी झाला आहे. तुम्हीच काय ते सांगा." पालकांची कळकळ खरी, ह्यात संशय नाही. परंतु त्यांचे निदान पुष्कळदा चुकते असे आमचे मत आहे, व तेच ह्या लेखात मांडण्याचे योजिले आहे.

आळस व गोंधळ ह्या दोन अगदी भिन्न अवस्था होत. आळशी मनुष्यास कोणतेच काम करावेसे वाटत नाही, आणि त्याबद्दल त्यास फारसे दुःखही नसते. गोंधळलेल्या मुलास मात्र सर्वच कामे आजच, किंबहुना ह्याच घटकेस, करावयाची असतात. तो बीजगणित उघडतो, तोच त्यास विज्ञानाची प्रयोगवही आठवते. वही काढतो, तोच इंग्रजी निबंध राहिले आहेत हे ध्यानात येते. इतक्यात सोबत्याची दुसरी उजळणी झाल्याची वार्ता येते, आणि छातीत धस्स होते. अखेरीस तो थकून मोबाइल हाती घेतो, कारण तेथे त्याजकडे कोणी काही मागत नाही. बाहेरून पाहणाऱ्यास आळशी व गोंधळलेला हे दोघेही स्वस्थ बसलेले दिसतात. परंतु पहिल्याचे मन रिकामे असते आणि दुसऱ्याचे काठोकाठ भरलेले असते. पहिल्यास चालना द्यावी लागते, दुसऱ्याचे ओझे उतरवावे लागते. आपण मात्र दोघांनाही एकच औषध पाजतो. ते म्हणजे रागे भरणे, आणि त्यानेही भागले नाही तर आणखी एक शिकवणी लावणे. भरल्या घागरीत आणखी पाणी ओतल्याने घागर मोठी होत नाही, हे आपण विसरतो.

मनाच्या घागरीचे माप लहान आहे, हे शास्त्रज्ञांनीही दाखविले आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर ह्यांनी १९५६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. मनुष्य एका वेळी सुमारे सात गोष्टी ध्यानात धरू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २००१ साली नेल्सन कोवन ह्यांनी अधिक बारकाईने विचार करून हा आकडा चारांच्या आसपास आणला. म्हणजे ज्या मुलाच्या डोक्यात सहा विषय, तीन वह्या, वडिलांचा शब्द व सोबत्याची बरोबरी एकाच वेळी घोळत आहेत, त्याच्याजवळ समोरचे गणित ठेवण्यास जागाच उरलेली नसते. त्याची बुद्धी कमी झालेली नाही. तिच्यात गर्दी झाली आहे.

ह्यावर उपाय कोणता? आम्हांस वाटते, तो शिकण्यासाठी सानगडीच्या विद्यार्थ्याने दूर जाण्याचे कारण नाही. आपला भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. कोहळी शेतकऱ्यांनी ह्या भागात पिढ्यान् पिढ्या तलाव बांधले. नवेगावचा विस्तीर्ण बांध, जो १९९९ साली जिल्हा विभागला गेल्यापासून गोंदियाकडे आहे, तोही ह्याच परंपरेतला. हे तलाव कशासाठी बांधले, ह्याचा विचार करा. आपल्याकडे पाऊस कमी पडतो असे नाही. पण तो येतो तेव्हा एकदम येतो. चार महिन्यांत, आणि त्यांतही मोजक्या दिवसांत, तो सारे पाणी ओतून मोकळा होतो. ते तसेच वाहू दिले तर बांध फुटतात, पऱ्हे वाहून जातात, आणि पुढे धान ओंबीवर आल्यावर शेत भेगाळते. आपल्या पूर्वजांनी पावसावर राग काढला नाही. त्यांनी पाण्यास पाळ घातली, अधिक झालेल्या पाण्यास सांडवा ठेवला, आणि पाणी सोडण्यासाठी तुडूम बसविले. तलावाचे सारे शहाणपण ह्या तीन गोष्टींत आहे, आणि गोंधळलेल्या मनासही ह्याच तीन गोष्टी हव्या असतात.

पहिली गोष्ट पाळ. पाळ म्हणजे मर्यादा. मनात भिरभिरणारी कामे जोवर मोजली जात नाहीत, तोवर ती अगणित वाटतात. विद्यार्थिमित्रहो, एक कोरा कागद घ्या आणि डोक्यात जे जे आहे ते सर्व त्यावर उतरवा. धडे, वह्या, उसने आणलेले पुस्तक, आईने सांगितलेले काम, काहीही वगळू नका. पुष्कळदा असे आढळून येईल की, शंभर वाटणारी कामे प्रत्यक्षात चौदा-पंधराच आहेत. कागदावर आलेले काम ध्यानात धरून बसावे लागत नाही, आणि मनातील तेवढी जागा मोकळी होते.

दुसरी गोष्ट सांडवा. हीच सर्वांत कठीण, कारण हिला धैर्य लागते. ज्या तलावास सांडवा नाही, त्याची पाळ पहिल्याच मोठ्या पुरात फुटते. त्या कागदावर अशी काही कामे असतातच की जी ह्या आठवड्यात होणार नाहीत, आणि काही अशी की जी मुळीच केली नाहीत तरी चालेल. त्यांवर निर्भयपणे रेघ ओढावी. ज्याचा सराव कधी झालाच नाही असे एखादे अवघड प्रकरण शेवटच्या आठ दिवसांत सोडून द्यावे आणि जे येते ते पक्के करावे. ही हार नव्हे, हा हिशेब आहे.

तिसरी गोष्ट तुडूम. तलावात पाणी अफाट असले तरी ते तुडुमातून बेताने निघते, पाटाने जाते, आणि एक बांधी भरल्यावर दुसरीत उतरते. सर्व बांध्यांस एकदम पाणी देऊ पाहणाऱ्याची एकही धड भिजत नाही. म्हणून कागदावरील एकच काम निवडावे. तेही लहान करून घ्यावे. 'आज भूमिती करीन' असे न म्हणता 'आता प्रमेयाची ही दोन उदाहरणे सोडवीन' असे म्हणावे. तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत, घरच्या वडीलमाणसांच्या हाती असावा. काम पुरे झाल्यावर उठावे, पाणी प्यावे, कागदावर खूण करावी, मग पुढील बांधी. रोवणीच्या दिवसांत आपल्या आया-बहिणी हेच करतात. पसरलेले शेत पाहत त्या धुऱ्यावर उभ्या राहत नाहीत. वाकतात आणि हातातली पेंडी रोवतात.

कोणी म्हणेल, हे अभ्यासापुरते ठीक; मोठ्या संकटात ह्याचा काय पाड? त्यास आम्ही पंडिता रमाबाईंचे उदाहरण देऊ. तरुणपणीच दुष्काळात आईबाप गमावलेली ही विदुषी १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या हेतूने इंग्लंडास गेली. ऐकू कमी येत असल्यामुळे तो हेतू सोडावा लागला. तो सोडून त्यांनी शिक्षणाचे कार्य पत्करले, आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या. आपला भंडारा जिल्हाही त्या काळी त्याच प्रांतात मोडत असे. तेथून त्यांनी सुमारे तीनशे निराश्रित मुली-स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचा उपद्रव, म्हणून केडगावच्या शेतावर तात्पुरता निवारा उभारावा लागला. उपासमारीने खंगलेल्या तीनशे जिवांचे काय करावे, ह्या विचारानेच कोणीही गांगरून गेले असते. परंतु आधी अन्नवस्त्र व शुश्रूषा, मग अक्षरओळख, मग हातास उद्योग, अशा क्रमाने तेथे मुक्ती सदन उभे राहिले. उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली, तरी ते काम थांबले नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईंचा अंत झाला, आणि १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. एवढे कार्य एका दमात उचलून होत नाही. ते दररोज थोडे थोडे पुढे सरकवावे लागते.

आता पालकवर्गास दोन शब्द. सांडव्याचे दार पुष्कळदा मुलाच्या नव्हे, आपल्या हाती असते. शाळा, सकाळची शिकवणी, संध्याकाळची शिकवणी, त्यात शेतीची व घरची कामे, इतके सर्व आपणच नेमून दिल्यावर मुलाने काय सोडावे? गरिबाच्या घरी मुलांच्या हातांची गरज असते, हे आम्ही जाणतो, आणि त्यात कमीपणा नाही. परंतु परीक्षेच्या महिन्यात तरी एक ओझे उतरवावे. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. शेजारच्या मुलाचे गुण जेवणाच्या ताटावर वाढू नयेत. गुण कमी पडतील ही भीती कोणास वाटेल. आम्हांसही मुलांचे गुण प्रिय आहेत. पण सहा विषय अर्धेमुर्धे चाळणाऱ्यापेक्षा चार पक्के करून दोन्हींत निभावणारा विद्यार्थी पुढे जातो, असाच वर्गातील आमचा अनुभव आहे.

मात्र एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. मूल आठवडेच्या आठवडे खिन्न राहत असेल, झोप व अन्न तुटले असेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवीत असेल, तर तो अभ्यासाचा गोंधळ समजू नये आणि कागद-पेन्सिलीवर विसंबू नये. त्यास एकटे न सोडता जवळ घ्यावे, शिक्षकांस कळवावे व डॉक्टरांकडे न्यावे. शासनाने २०२२ साली सुरू केलेली 'टेली-मानस' ही निःशुल्क सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर उपलब्ध आहे. तिचा उपयोग करण्यात लाज बाळगू नये.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षा येतील व जातील. पुढे संसार, नोकरी, शेती ह्यांचे पूर ह्याहून मोठे असतील. पूर थांबविणे कोणाच्याच हाती नाही. पाळ बांधणे, सांडवा मोकळा ठेवणे व पाण्यास वाट देणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि ते ह्या वयात शिकून घ्यावे. आज सायंकाळी हा अंक मिटल्यावर एक कोरा कागद घेऊन बसा. पहिले काम कोणते, ते तुमचे तुम्हांसच दिसेल.