राजाला ‘पाववाला’ म्हणणाऱ्या बायका

‘पाव मिळत नसेल तर केक खा’ हे राणी मारी आंत्वानेतचे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. ते तिचे असल्याचा पुरावा मात्र नाही. रूसोने आत्मचरित्रात असेच वाक्य ‘एका थोर राजकन्ये’च्या तोंडी घातले, तेव्हा ही मुलगी फ्रान्समध्ये आलीही नव्हती, ती आली १७७० साली.

या केकखाली खरी गोष्ट झाकली गेली, असे माझे मत आहे. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावासाठी पावसात भिजत व्हर्सायपर्यंत चालत गेल्या. दुसऱ्या दिवशी परतल्या त्या राजाला घेऊनच, आणि त्याला नाव पडले ‘पाववाला’! राणी पाववालीण, युवराज पाववाल्याचा पोरगा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. फ्रेंच पाव मी चाखलेला नाही. पण धान्य महागले की घरातल्या बायकांच्या तोंडची भाषा कशी होते, ते मला ठाऊक आहे. म्हणून हा टोमणा मला सगळ्या सनावळ्यांपेक्षा जवळचा वाटतो.

१७९३ च्या नोव्हेंबरात क्रांतिकारकांनी हुकूम काढले : श्रीमंताला पांढरा आणि गरिबाला कोंड्याचा, असे दोन पाव भाजायचे नाहीत, सर्वांना एकच ‘समतेचा पाव’.

आजचा काठीसारखा लांब पाव म्हणजे ‘बागेत’. (बागेशी संबंध नाही, फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थच काठी!) १९१९ च्या कायद्याने रात्री १० ते पहाटे ४ भट्टीकाम बंद केले, म्हणून लवकर भाजणारा बारीक पाव निघाला, असे सांगतात. मला हे पटत नाही. लांब पाव पॅरिसात त्याआधीही होते. मात्र भट्टीवाल्याच्या झोपेसाठी कायदा व्हावा, ही गोष्ट लहान नाही.

पीठ, पाणी, मीठ, खमीर. एवढ्यावर हा पाव होतो. वरून कुरकुरीत, आत मऊ, आणि दुसऱ्या दिवशी वाळून कडक. म्हणून तो रोज ताजाच आणावा लागतो, आणि गल्लीतला भट्टीवाला जगतो. गोठवलेल्या पिठाचे कारखानी पाव आले, तेव्हा १९९३ च्या सरकारी आदेशाने ‘परंपरेचा फ्रेंच पाव’ या नावाखाली गोठवणे आणि कृत्रिम द्रव्ये यांना मनाई केली. २०२२ मध्ये युनेस्कोने आपल्या वारसायादीत घेतली ती बागेत करण्याची कारागिरी आणि तिच्याभोवतीची संस्कृती. मान भट्टीपुढच्या हातांना मिळाला, याचा मला विशेष आनंद वाटतो.