कंपनी कॉलेजात आली की फवारणीचा जाब विचारा!



2017 च्या हंगामात वर्धा नदीच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. तेव्हा दोष मजुराच्याच माथी मारला गेला. त्याने तोंडाला फडके बांधले नाही, हातमोजे घातले नाहीत, वारा पाहिला नाही! डोक्याएवढ्या पऱ्हाटीत, भर उन्हात, पाठीवर पंप घेऊन रोजीने फवारणाऱ्या माणसाला हातमोजे द्यायचे कोणी, हे फार थोड्यांनी विचारले.

त्या प्रकरणात सिंजेंटा कंपनीच्या पोलो या कीटकनाशकाचे नाव आले. कंपनीने जबाबदारी नाकारली. कंपनीचे मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये, बासेलला. पोलोमधले डायफेन्थियुरॉन त्या देशाच्या बाजारातून 2009 सालीच हटले होते. 2020 मध्ये यवतमाळच्या पीडित कुटुंबांनी थेट तिथे दाद मागितली. 2021 पासून स्विस सरकारने डायफेन्थियुरॉन आणि प्रोफेनोफॉससह पाच कीडनाशकांची निर्यातही बंद केली. जे तिथल्या शेतात चालत नाही, ते आमच्या वावरात इतकी वर्षे का चालले?

हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांनी विचारायचा, कारण कंपन्यांना आपली गरज आहे. गावोगावी औषध खपवायला त्यांना कृषी आणि विज्ञानाचे पदवीधर लागतात. आपल्यातल्या कित्येकांचे आईबाप फवारा मारतात आणि उद्या त्याच औषधाची बॅग आपल्या खांद्यावर येणार आहे.

विद्यार्थ्यांच्या दबावाने काय होते? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या मोहिमेमुळे 2005 च्या अखेरीस कोका-कोलाची खरेदी थांबवली. भारतातल्या पाणीउपशाचा आणि कोलंबियातल्या कामगारांचा तो प्रश्न होता. कंपनीला स्वतंत्र तपासणी मान्य करावी लागली. टेरी या संशोधन संस्थेने कोका-कोलाचे भारतातले सहा प्रकल्प तपासले, त्यांत पुण्याजवळचे पिरंगुटही होते. राजस्थानातल्या कालाडेरा प्रकल्पाबाबत तर तो बंद करण्याचा पर्यायही अहवालात आला. पण हा अहवाल 2008 चा आणि विद्यापीठाने खरेदी पुन्हा सुरू केली ती 2006 च्या एप्रिलमध्येच. हात लवकर सैल सोडला. आपण तसे करायचे नाही.

आणि कॉलेजने तत्त्व पाहून निर्णय घेणे वर्ध्याला नवे नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी खादी घालतात, ते उगाच नव्हे.

म्हणून आमची मागणी अशी. कीटकनाशक कंपनी कॅम्पस मुलाखतीला आली किंवा स्नेहसंमेलनाला पैसे देऊ लागली, तर आधी तिने लेखी उत्तर द्यावे. हे औषध तुमच्या देशात विकता का? फवारणाऱ्या मजुराला संरक्षक साहित्य कोण देणार? विषबाधेवर उतारा आहे का, आणि तो आपल्या ग्रामीण रुग्णालयात मिळतो का? उत्तर येईपर्यंत मुलाखत नाही, बॅनर नाही.

हे पत्रक वर्गात वाचा आणि गावाकडे न्या. मागणीवर सह्या घेऊन फवारणी सुरू होण्याआधी प्राचार्यांच्या हाती द्या.

— वर्धा जिल्ह्यातील काही विद्यार्थी