संशोधन जनतेचे, भाव कंपनीचा

कोव्हॅक्सिनचा विषाणू वेगळा केला तो आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने. मे २०२० मध्ये आयसीएमआरने तो भारत बायोटेकला दिला. पुढे चाचण्यांवर जनतेचे ३५ कोटी घातले. बदल्यात सरकारला निव्वळ विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी! कंपनीनेही पैसा घातला, मान्य. पण एप्रिल २०२१ मध्ये खाजगी रुग्णालयांसाठी एका डोसचा भाव १२०० रुपये कुणी ठरवला? कंपनीने.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या मजुराचे किती दिवसांचे रोज होतात ते, हिशोब करा. मोफत डोस होते म्हणाल, तर १८ ते ४४ वयाच्यांना आधी ऑनलाइन नोंदणी. आहुपेच्या डोंगरात आधी रेंज शोधा, मग लस!

परळच्या सरकारी हाफकिनला उत्पादनाची परवानगी मिळाली ती दुसरी लाट अंगावर आल्यावर. २०२० मध्येच का नाही बोलावले?

मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे हवेत, हे बाबासाहेबांनी १९४७ मध्येच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मांडले. (जयंतीच्या डीजेपुढे ते कोण वाचतो?) सरकारी प्रयोगशाळेच्या प्रत्येक परवान्यात किमतीची कमाल मर्यादा हवी, सरकारी कारखान्याला पहिला हक्क हवा आणि पूर्ण करार जनतेसमोर हवा, ही आमची मागणी आहे.