दवाखान्याचं बिल भरलं, आता वसुलीचे फोन : धमकी किती खरी, नियम काय सांगतो?

गावात कुणाला अटॅक आला, कुणाचा अपघात झाला, कुणाचं बाळंतपण अडलं, की पहिला प्रश्न गाडीचा असतो आणि दुसरा पैशाचा. गाडी कशीबशी मिळते. पैसा मात्र त्या रात्री जिथून मिळेल तिथून उचलला जातो. पतसंस्था, बचत गटाला कर्ज देणारी कंपनी, हॉस्पिटलच्या काउंटरवर बसलेला फायनान्सवाला, मोबाईलवरचं अ‍ॅप, नाहीतर गावातला सावकार. पेशंट घरी येतो, कधी येतही नाही. हप्त्याची तारीख मात्र चुकत नाही. सोयाबीनला भाव मिळाला नाही, कांदा चाळीत सडला, दोन हप्ते थकले की फोन सुरू होतात.

आधी साधा आवाज, मग दमदाटी. मग फोन मेहुण्याला, शेजाऱ्याला, कधी थेट सरपंचाला. 'उद्या घरी माणसं पाठवतो', 'पोलीस उचलतील', 'वॉरंट निघालंय' ही भाषा आता तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांना नवी राहिलेली नाही. या भीतीपोटी अनेकजण दुसरं कर्ज काढून पहिलं फेडतात, दावणीची म्हैस मिळेल त्या भावात विकतात. कर्ज खरं असतं, ते फेडायचंही असतं. पण वसुलीची पद्धत कायद्यात बसते का, हे विचारणारे फार थोडे.

दुखण्यातून कर्ज, कर्जातून दुखणं

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधल्या ७५व्या फेरीनुसार देशाच्या ग्रामीण भागात दवाखान्यात भरती झाल्यावरच्या खर्चासाठी सुमारे १३ टक्के प्रकरणांत मुख्य आधार कर्जाचा होता. त्याच पाहणीत ग्रामीण रुग्णाचा एका वेळच्या भरतीचा सरासरी खर्च सरकारी दवाखान्यात सुमारे ४,२९० रुपये, तर खाजगीत सुमारे २७,३४७ रुपये निघाला. ही सरासरी आहे. बायपास, मेंदूचा रक्तस्राव किंवा अपघाताचं ऑपरेशन असेल तर आकडा लाखांत जातो.

असं कर्ज घेताना माणूस व्याजदर विचारत नाही, आयसीयूच्या दाराकडे बघत सही करतो. म्हणूनच पुढे फोन आला की त्याला आपण नेमकं कुणाचं, किती आणि कोणत्या अटीवर घेतलं, हेच नीट माहीत नसतं. वसुलीवाल्याचं खरं बळ इथं आहे.

फोन कुणाचा, हे आधी ओळखा

'हॉस्पिटलच्या बिलाचं बोलतोय' म्हणणारा माणूस हॉस्पिटलचा असेलच असं नाही. देणेकरी कोण, यावर नियम बदलतो.

• बँक किंवा फायनान्स कंपनी (एनबीएफसी) : हॉस्पिटलमध्ये 'बिल हप्त्यावर भरा' म्हणून टॅबवर सही घेतली असेल, तर हॉस्पिटलला पैसे बहुतेक वेळा कंपनीने दिलेले असतात आणि आता देणं त्या कंपनीचं असतं. वसुली एजन्सीने गैरवर्तन केलं तरी रिझर्व्ह बँकेच्या लेखी जबाबदार कंपनीच.

• बचत गटाचं मायक्रोफायनान्स कर्ज : यालाही रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, पण वेगळे आणि थोडे जास्त कडक.

• पतसंस्था : ही सहकार कायद्याखाली येते. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे.

• सावकार : राज्यात २०१४ चा सावकारी नियमन कायदा लागू आहे. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं हा गुन्हा आहे.

• खुद्द हॉस्पिटल : बाकी बिलासाठी हॉस्पिटल दिवाणी न्यायालयात जाऊ शकतं. बिलासाठी पेशंटला अडकवून ठेवणं बेकायदेशीर असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

घड्याळ आणि जीभ, दोन्हीला मर्यादा

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार बँका आणि एनबीएफसीच्या वसुली एजंटांना थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, घरच्यांना, ओळखीच्यांना किंवा जामीन नसलेल्या नातेवाइकांना त्रास, घाणेरडे मेसेज, निनावी फोन, खोटी माहिती देऊन घाबरवणं या सगळ्याला मनाई आहे.

मायक्रोफायनान्ससाठी मार्च २०२२ चे निर्देश आहेत. त्यात वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६. वसुली दोघांनी ठरवलेल्या ठिकाणी करायची. कर्जदार लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा त्या ठिकाणी आला नाही तरच कर्मचारी घरी किंवा कामावर जाऊ शकतो. सारखे फोन करणं, कर्जदाराचं नाव गावात जाहीर करणं, नातेवाइकांना छळणं हे तिथं स्पष्टपणे निषिद्ध आहे.

अ‍ॅपवरच्या कर्जाचंही तसंच. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने मोबाईलमधले कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल यादी वाचायची नाही, हा नियम सप्टेंबर २०२२ पासून आहे आणि मे २०२५ च्या डिजिटल कर्ज निर्देशांत तो कायम आहे. म्हणजे कॉन्टॅक्टमधल्या पंचवीस जणांना 'हा माणूस चोर आहे' असा मेसेज गेला, तर कर्ज थकलंय म्हणून ते माफ होत नाही. नोंदणीकृत कंपन्यांशी जोडलेल्या अ‍ॅपची यादी रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ पासून आपल्या वेबसाइटवर ठेवली आहे. यादीत नाव नसेल तर सावध व्हायला हवं.

दंडाबाबतही एक गोष्ट कामाची आहे. २०२४ पासून बँका आणि एनबीएफसींना थकलेल्या हप्त्यावर दंड आकारता येतो, पण त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. हप्ता तीन हजारांचा आणि मागणी नऊ हजारांची असेल, तर हिशोब मागणं हा कर्जदाराचा हक्कच आहे.

'पोलीस येतील' : खरं किती, खोटं किती?

केवळ कर्ज फेडता आलं नाही म्हणून पोलीस अटक करत नाहीत. ती दिवाणी बाब आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर अशोकस्तंभ छापून आलेलं 'अटक वॉरंट' बघून हातपाय गाळायचं कारण नाही. वॉरंट न्यायालय काढतं, वसुली एजन्सी नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. कर्ज घेताना दिलेला चेक वटला नाही तर चेक बाउन्सचा खटला होऊ शकतो. बँक खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी दिली असेल आणि खात्यात पैसे नसल्याने तो परत गेला, तर त्यालाही २००७ च्या पेमेंट कायद्यात तशीच तरतूद आहे. दोन्हीत कमाल शिक्षा २ वर्षांपर्यंत आहे. त्याआधी लेखी नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. त्यामुळे 'सगळं खोटंच असतं' म्हणून रजिस्टर पोस्ट परत पाठवणं अंगलट येतं.

पतसंस्थेच्या बाबतीत हे आणखी लागू पडतं. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला निघाला, की वसुली अधिकारी जमीन-घरावर जप्ती आणू शकतो. दाखला निघण्याआधी सुनावणीची नोटीस येते. हिशोबावर हरकत घ्यायची ती जागा. त्या तारखेला गैरहजर राहिलं की एकतर्फी निर्णय होतो, आणि मग गावात जप्तीची नोटीस लागल्यावर धावाधाव सुरू होते.

लोकअदालतीच्या नोटिशीचीही भीती घातली जाते. लोकअदालत तडजोडीसाठी असते. तिथं कुणाला अटक होत नाही, मान्य नसलेली तडजोड लादता येत नाही. उलट हप्ते वाढवून घ्यायची, दंड कमी करून घ्यायची ती संधी असते. नोटीस खरी आहे का, हे तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत विचारता येतं.

माणूस गेला, तर कर्ज कुणाचं?

ज्याच्या उपचारासाठी कर्ज काढलं तोच गेला, आणि तेराव्याच्या आत मुलाला फोन आला, असं घडतं. इथं कागद बघावा लागतो. कर्ज मयताच्या एकट्याच्या नावावर असेल, तर वारसांची जबाबदारी त्यांना मयताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. मुलाच्या स्वतःच्या पगारातून किंवा सुनेच्या दागिन्यांतून ते मागता येत नाही. पण मुलाने सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल, तर तो स्वतः बांधील आहे. हॉस्पिटलच्या काउंटरवर 'नातेवाईक म्हणून इथं सही करा' असं सांगून घेतलेली सही नेमकी कशावर होती, हे म्हणूनच शोधून काढलं पाहिजे. कर्जासोबत विमा काढला होता का, हेही विचारा. तो असेल तर बाकी रक्कम विम्यातून फिटू शकते.

फोन आला तर काय करायचं?

भांडायचं नाही आणि रडायचंही नाही. बोलणं कागदावर आणायचं, एवढं एक सूत्र धरलं तरी अर्धं काम होतं.

१. नाव, एजन्सीचं नाव, कोणत्या कंपनीसाठी बोलतो आणि कर्ज खाते क्रमांक विचारा. घरी आला तर ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा.

२. आधार, ओटीपी, बँकेचा तपशील फोनवर द्यायचा नाही. एजंटच्या स्वतःच्या नंबरवर फोन-पे, गुगल-पे करायचं नाही. पैसे कंपनीच्या खात्यातच, आणि पावती घेऊनच.

३. फोन रेकॉर्ड करा. तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा. मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, डिलीट करू नका.

४. कंपनीला ईमेल किंवा रजिस्टर पोस्टाने चार ओळी लिहा : 'माझ्या अमुक कर्ज खात्यावरील मुद्दल, व्याज व दंडाचा वेगवेगळा हिशोब लेखी द्यावा. आजारपणामुळे हप्ते थकले आहेत. दरमहा अमुक रक्कम भरू शकतो, त्याप्रमाणे हप्ते बांधून द्यावेत. वेळेबाहेरील फोन व नातेवाइकांना होणारे फोन थांबवावेत.'

५. तडजोड ठरली तर आधी पत्र, मग पैसे. शेवटी बेबाकी दाखला घ्या. तडजोडीने फेडलेलं कर्ज सिबिलमध्ये 'सेटल्ड' दिसतं आणि पुढे पीककर्ज किंवा ट्रॅक्टरचं कर्ज मागताना आडवं येऊ शकतं, हेही लक्षात ठेवा.

६. फार जुनी थकबाकी असेल तर घाईने पाचशे रुपये भरू नका, कशावर सहीही करू नका. विनातारण कर्जासाठी दिवाणी दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं असते. ती संपण्याआधी केलेली लेखी कबुली किंवा भरलेल्या रकमेची लेखी नोंद मुदत नव्याने सुरू करते. आधी वकिलाला विचारा.

तक्रार कुठे?

बँक किंवा एनबीएफसी असेल तर आधी तिच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी नंबर १४४४८. फोटो बदलून बदनामी, कॉन्टॅक्टना मेसेज, बनावट अ‍ॅप असेल तर सायबर हेल्पलाइन १९३०. दारात दमदाटी झाली तर ११२. जिवाची, अब्रूची धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे. मोफत वकिलासाठी १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक आणि राज्यात वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असणारे यांना ती मदत मिळते.

कर्जाआधीचे दरवाजे

वसुलीचा त्रास कमी करायचा खरा मार्ग म्हणजे कर्ज काढण्याआधी दोन चौकश्या करणं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात पांढरं रेशनकार्डही बसतं. प्रत्येक आजार आणि प्रत्येक हॉस्पिटल त्यात नाही, म्हणून भरती होतानाच आरोग्यमित्राला गाठायचं किंवा १५५३८८ वर विचारायचं. दुसरं, धर्मादाय हॉस्पिटल. तिथं १० टक्के खाटा वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना मोफत आणि आणखी १० टक्के ३ लाख ६० हजारांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना निम्म्या दरात राखून ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला घरात आधीच तयार असला, तर ऐन वेळी हजारो रुपये वाचतात.

नियम आहेत, पोच नाही

एवढे नियम असूनही फोन का थांबत नाहीत? कारण नियम तक्रारीवर चालतात आणि तक्रार ऑनलाइन फॉर्मवर. ज्या बाईला हप्त्याची पावती वाचून घ्यावी लागते, तिने ३० दिवस थांबून लोकपालाला मेल करावा अशी व्यवस्थेची अपेक्षा आहे. पोलीस ठाण्यात गेलं तर 'पैसे घेतलेत ना, मग भरा' हे उत्तर मिळतं. एजंटला वसुलीवर कमिशन असतं, त्यामुळे आवाज चढवण्यात त्याचा फायदा आणि नियम पाळण्यात तोटा.

यातलं बरंच तालुक्याच्या पातळीवर बदलता येण्यासारखं आहे. आपले सरकार केंद्रावर लोकपालाचा अर्ज भरून देता येतो. आशा आणि आरोग्यमित्र यांनी भरतीच्या वेळीच योजनेची चौकशी लावली तर कितीतरी कर्जं निघणारच नाहीत. ग्रामसभेत एकदा वसुलीची वेळ आणि हे चार-पाच नंबर वाचून दाखवले, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिले, तरी सरपंचाला फोन करून कुणाची अब्रू काढायची एजंटची हिंमत होणार नाही. आजारपणात पैसे उसने घेणं ही लाजेची गोष्ट नाही. ती लाज वाटते तोवरच तिचा धंदा चालतो.