अग्निवीर घरी येतोय. आई-वडिलांनी आधी त्याचं ऐकून घ्यावं

14 जून 2022 रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्यातून भरती झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. त्यांपैकी जास्तीत जास्त 25 टक्के जणांना कायम सेवेत घेतले जाईल, बाकीचे घरी परततील. त्यांच्या रोजगारावर बरीच चर्चा झाली. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला मात्र आणखी एक प्रश्न दिसतो. या मुलांनी तिथे काय अनुभवले, हे त्यांच्या आई-वडिलांना समजेल का?

आपल्या समाजासाठी फौज ही माणूस म्हणून उभे राहण्याची वाट होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. 1941 मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. वर्दीने पगार दिला, पेन्शन दिली, गावात मान दिला. म्हणून आजही पोरगा भरती झाला की आई-बापाला वाटते, जन्माचे कल्याण झाले.

पण या मुलाची फौज वेगळी आहे. पहिल्या वर्षी 30 हजार रुपये महिना, त्यातले 30 टक्के सेवा निधीत जाऊन हातात 21 हजार. वर्षाला 30 दिवस रजा. चार वर्षांनी व्याजासह सुमारे 11 लाख 71 हजार रुपये. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही.

याचा मनावर काय परिणाम होतो, तेही पाहू. चौघांतला एकच टिकणार हे माहीत असले की शेजारच्या खाटेवरचा मित्र स्पर्धकही होतो. 'थकलो', 'घाबरलो' असे म्हणणे परवडत नाही. हाच अबोलपणा घेऊन मुलगा घरी येतो आणि घरचे त्याला घमेंड समजतात. त्यावर वडील विचारतात, "तू कुठे कमी पडलास?" हा प्रश्नच चुकीचा आहे. चारपैकी तिघांना परत पाठवायचे हे योजनेतच लिहिलेले होते. तो त्या मुलाचा नाकर्तेपणा नाही.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे. सेवा निधीचा हिशेब पहिल्याच आठवड्यात मागू नका. बहिणीचे लग्न आणि घराचा स्लॅब त्या पैशावर आधीच ठरवून ठेवू नका. दिवस कसा जायचा, सोबत कोण होते, जात आडवी आली का, हे विचारा. तो थांबला तर तुम्हीही थांबा. झोप उडाली, चिडचिड किंवा दारू वाढली, तर 14416 या टेलि-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते. सैन्यदले आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर 2023 पासून टेलि-मानसचा स्वतंत्र कक्षही आहे.

तरुण कार्यकर्त्यांनी विहारात सत्कार जरूर करावा. पण हार घालून फोटो काढला म्हणजे काम संपले असे होऊ नये. परतलेले अग्निवीर आणि त्यांचे पालक यांची एकत्र बैठक घ्या. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी 10 टक्के जागा राखीव ठेवण्याचे सरकारने 2022 मध्ये जाहीर केले. त्यांतल्या किती भरल्या, याचा हिशेब संघटनांनी मागत राहावा. सरकारला जाब विचारणे आणि घरात मुलाचे ऐकून घेणे, दोन्ही कामे आपलीच आहेत.

जय भीम!