एसीतील उंदीर आणि घराचे आरोग्य
पालघर, बोईसर-तारापूर परिसरात भातकापणी उरकली की शेतातील उंदीर अन्न आणि आसरा शोधत घरांकडे वळतात. थंडीत बंद ठेवलेला एसी त्यांना आयताच सापडतो. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने तो तारा कुरतडतो. आपण तार बदलून मोकळे होतो. आत साचलेले मूत्र व लेंड्या मात्र तशाच राहतात. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मूत्रातून ओलाव्यात पसरतात आणि जखमेतून, डोळ्यांतून वा तोंडावाटे शरीरात शिरतात.

म्हणून लेंड्या दिसल्यास एसी सुरू करू नये. त्याचा वीजपुरवठा तोडावा. जमिनीवरील लेंड्या कोरड्या झाडू नयेत. खिडक्या उघडून, हातमोजे व मास्क घालून, त्यांवर 1 भाग द्रवरूप ब्लीच व 9 भाग पाणी यांचे मिश्रण शिंपडावे आणि 5 मिनिटांनी कागदाने टिपून घ्यावे. यंत्राच्या आतील सफाई व तारांची तपासणी तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावी. नळीभोवतीचे भोक तारेची जाळी व सिमेंटने बुजवावे. विष टाळावे, उंदीर यंत्रातच मरून कुजतो.

त्यानंतर महिनाभरात ताप, तीव्र अंगदुखी किंवा डोळ्यांत लाली आल्यास उंदरांशी आलेला संपर्क डॉक्टरांना आवर्जून सांगावा. निदानाला त्याची मोठी मदत होते.